वजावट

एप्रिलचा दुसरा आठवडा. सेंट जॉन नदीवरचा बर्फ
रात्रभर तडकतोय. पलीकडे धुक्यात कॅनडा.
लिओनेल थिबोडो पावत्या घेऊन आला बुटांच्या खोक्यात,
खोक्यावर अजून माप दिसतं: साडेदहा.

अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली,
आता लाकडाचे लून पक्षी कोरतो.
गेल्या साली एकोणीस विकले. अकराशे चाळीस डॉलर.
खर्च एकोणतीसशे.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
फक्त कोंबडी लाकडाची
आणि मसाल्याची पावती जपून ठेवलेली.

मी सांगते: आलेलं सगळं दाखवायचं.
गेलेलं नाही.
जो पक्षी विकला त्याच्या अंगात जे गेलं,
सीडरचा ठोकळा, रंग, काचेचे दोन डोळे,
तेवढं वजा.
जत्रेतल्या टेबलाचं भाडं, बँगोरपर्यंतचं पेट्रोल,
छिन्नी, ती मोडल्यावर आणलेली दुसरी छिन्नी,
हे तुमच्या हौसेचं.
हौसेला मोल नसतं म्हणतात ना,
इथे तसा नियमच आहे.

"हौस?"
छंदीफंदी म्हटल्यासारखा त्याचा चेहरा.
"पहाटे चारला उठतो मी."

मग धंदा म्हणा.
पाचांतली तीन वर्षं नफा दाखवा,
नाहीतर निदान वही घाला, भाव वाढवा,
पैशासाठीच करत होतो, हे पटवून द्या.
आणि आणखी एक बघतात
(दरवर्षी विचारताना मी कागद सारखे करत राहते):
यात तुम्हाला आनंद होतो का?
होत असेल, तर ते तुमच्या विरुद्ध जातं.

तो टोपी फिरवत बसला.
बाहेर एक मोठा तुकडा सुटला, पुलाला थडकला.
"रंगवताना नाही," तो म्हणाला.
"पाठीवरचे ते पांढरे ठिपके, जीव जातो.
दुसरा डोळा बसला, की तो वळून बघितल्यासारखा
बघतो माझ्याकडे.
तेव्हा होतो."

छंद, मी लिहिलं.
कर एकशे अकरा डॉलर.

फीपोटी त्यानं टेबलावर एक लून ठेवला.
पैशांऐवजी वस्तू आली तरी ती कमाईच,
मीच शिकवलं होतं त्याला, याच खुर्चीत.
साठ डॉलर, माझ्या वहीत लिहिते.

उजवा डोळा लालभडक.
डावीकडे नुसतं भोक.
"मंगळवारी डोळे येतायत," जिना उतरता उतरता
तो म्हणाला होता.

साठ खोडते.
एका डोळ्यानं बघणाऱ्याला काय भाव लावायचा,
खोडरबर हातात घेऊन
दिवा लावून बसले आहे.