पेशा

शारजात, रोला चौकाच्या मागे, शावर्माच्या दुकानाला लागून
आमचं टायपिंग सेंटर. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स,
आणि पाटी : सुट्टे पैसे आणावेत.

सतरा वर्षं मी लोकांची नावं
उजवीकडून डावीकडे लिहितोय.
अरबीत प नाही, त्याचा ब होतो.
ण तर कुठेच नाही.
माझं पुराणिक माझ्याच हातून बुरानिक झालं.
त्याचं काही नाही.

अडतं ते पुढच्या रकान्यात : पेशा.
तिथे मनातलं लिहिता येत नाही.
एक यादी उघडते, तिच्यातूनच उचलायचं.
सुतार आहे, दुय्यम सुतार आहे,
खजूर निवडणारा आहे.

बाबल मेस्त्रीला विचारलं, काय करतोस?
म्हणाला, संकासुर.
वेंगुर्ल्याकडच्या जत्रांतून चौदा वर्षं,
काळा झगा, वीतभर लाल जीभ,
पहाटे विष्णूच्या हातून मरायचं
आणि उठून चहा घ्यायचा.
इथे तो मॉलमध्ये उंट असतो.
उंटाच्या पोटात पंखा. बॅटरी दीड तासाची,
पाळी तीन तासांची.
यादीत संकासुर नव्हता. उंटही नव्हता.
मी मालवाहू कामगार केलं.
"आसांदे," तो म्हणाला, "माल पण मीच, हमाल पण मीच."

डॉक्टर नलिनी शेवडे यांच्या व्हिसावर गृहिणी,
आणि खाली बारीक अक्षरांत : कामाची परवानगी नाही.
दर शुक्रवारी त्या नवऱ्याला गाडी काढायला लावतात,
डोंगर ओलांडून कलब्याच्या खाडीवर,
तिवरांत, गुडघाभर चिखलात
खेकड्यांची बिळं मोजायला.
सुंभाची एक चौकट, मीटर बाय मीटर.
तिच्यात कधी एकेचाळीस, कधी सहा.
पगार नाही. वह्या अकरा.

विद्यापीठांना जाणारे त्यांचे अर्ज मी अरबीत करतो.
खेकडा आणि कर्करोग, तिकडे शब्द एकच : सरतान.
पहिल्या अर्जाला उत्तर आलं ते
सहानुभूतीचं, इस्पितळाच्या पत्त्यासकट.
त्या इतक्या हसल्या
की झेरॉक्सला उभा असलेला पठाण वळून बघू लागला.
मग पत्राची घडी घालत म्हणाल्या,
"उत्तर तरी आलं."

त्यांनीच एकदा विचारलं,
"तुम्ही आधी काय करायचात?"
हेच, म्हटलं. नाव काय, गाव कुठलं, कधी घडलं.
खेडहून एका दैनिकाला बातम्या धाडायचो,
छापून आलं तर सेंटीमीटरला चार रुपये.
शेवटची नदीत मासे मेल्याची.
साडेतीन सेंटीमीटर आली,
शेजारी कारखान्याची जाहिरात, अर्धं पान.
त्यानंतर माझा फोन तिथे कुणी उचलला नाही.

कारखान्याचं नाव त्यांनी विचारलं नाही.
"मासे कुठले?" म्हणाल्या.
मेलेले, म्हटलं.
"जात कुठली?"

मला सांगता येईना.
नाक दाबून काठाने दोन किलोमीटर चाललो होतो,
सरपंचाचं वय लिहून घेतलं होतं,
आणि बातमीत नुसतं मासे.

परवाच्या शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर गेलो.
त्यांचा नवरा गाडीतच झोपला.
बाबलची सुट्टी होती, त्याने चौकट धरली,
आणि खेकड्यांपुढे डोळे वटारून जीभ काढून पाहिली;
सगळे बिळात.
"आता मोजू काय, कपाळ?" बाई ओरडल्या.
आम्ही तिघं पंधरा मिनिटं न हलता उभे राहिलो
तेव्हा एकेक नांगी वर आली.
त्या आकडे सांगत गेल्या,
मी लिहीत गेलो, डावीकडून उजवीकडे.

पानाच्या वर रकाना होता : नोंद करणारा.
यादी उघडेल म्हणून क्षणभर थांबलो.
मग ओल्या बोटांनी लिहिलं, प ला काना नाही,
ण नीट, पोटासकट.

पेन्सिल खाऱ्या पाण्याने फुगली होती.
दोन चौकटी राहिल्या होत्या
आणि भरती लागली.