चौथा इनपुट

डबा उघडला तर आत पेरभर वाळू
आणि एक मेलेला नाकतोडा, दुसऱ्या टर्मिनलवर आडवा.
फुंकर मारून त्याला बाहेर काढला
आणि कामाला लागले.

गोबीत सकाळचे साडेआठ. उणे अठरा.
हातमोजे घातले तर स्क्रू सापडत नाही,
काढले तर बोटं.

पहिला इनपुट बॅटरीचा.
सत्तेचाळीस व्होल्टच्या खाली गेली की बोंब मारायची.
पण लगेच नाही. पंप सुरू होताना
ती क्षणभर खचतेच,
पोतं उचलताना कुणीही खचतं तशी.
पाच मिनिटं थांबायचं.
तरीही खालीच असेल, तर खरं.
आणि अलार्म उतरवायचा कधी?
सत्तेचाळीसला नाही. पन्नास होईस्तोवर
लागलेलाच ठेवायचा.
काठावरून परत आलेल्याचा
इतक्यात भरवसा धरायचा नसतो,
नाहीतर रात्रभर चालू, बंद, चालू, बंद
आणि सांबूच्या झोपेचं खोबरं.

सांबू, इथला रखवालदार,
मेंढीच्या कातड्याच्या झग्यात हात खुपसून
माझ्या खांद्यावरून बघत होता.

दुसरा, तापमान.
शून्याच्या खाली चार्जिंग बंद.
थंडीत हिची भूक मरते, मी म्हटलं.
उंटांची वाढते, तो म्हणाला.

तिसरा, टाकीतला तरंगता गोळा.
इथे रीत उलटी :
तार जोडलेली, वीज फिरती, तोवर सगळं ठीक.
तुटली, उंदरानं कुरतडली, कुणाची लाथ बसली
की ओरडा.
गप्प म्हणजे बरं, असं मी मानत नाही.
म्हणून तिला सारखं बोलतं ठेवते,
ऐकू न येणारं
आहे, आहे, आहे.

"आणि चौथा?"
"चौथा रिकामा."
रिकामा ठेवायला सरकारनं पैसे दिलेत का,
सांबूनं विचारलं.
मग बराच वेळ वारा.
मग, "दाराला लावता येईल?"

विहिरीच्या खोलीचं निळं दार.
उजाडलं की दुलमा ते उघडते.
टेकडीपल्याड तिचा तंबू, बारा उंट, आणि ती.
मुलगा सेऊलमध्ये, गाड्यांच्या कारखान्यात.
वय एकोणऐंशी. फोन ठेवत नाही,
फोन म्हणजे खिशातलं रडकं पोर, म्हणते.

"दहापर्यंत दार उघडलं नाही," सांबू म्हणाला,
झग्याच्या पट्ट्याशी चाळा करत,
"तर मला कळलं पाहिजे."

असा अलार्म पुस्तिकेत नव्हता.
तिथले सगळे काही घडलं की वाजणारे.
न घडण्यावर वाजणारा एक
मी दुपारभर बसून जुळवला,
टायमर उलटा लावून,
दोनदा चुकून, एकदा सगळं पुसून.

नावासाठी आठ अक्षरांची जागा.
तिचं नाव नको, सांबू घाईनं म्हणाला,
कळलं तर दुसरी विहीर शोधेल.
मी लिहिलं : निळं दार.
आणि संदेशात? त्यानं सांगितलं तेच टाकलं :
चहा घेऊन जा.

वाजवून न पाहिलेला अलार्म
लावलाच नाही असं आमच्यात समजतात.
म्हणून दुसऱ्या सकाळी
मी दार आतून घट्ट धरून बसले.
बाहेर बादली आपटत दुलमा,
बारा तहानलेले उंट,
आणि माझ्या सात पिढ्यांची चौकशी.

दहा वाजून एक मिनिट.
फटीतून दिसत होतं :
फोन वाजला सांबूच्या खिशात,
आणि तो तर तिच्या शेजारीच उभा.
त्यानं फोन हातभर लांब धरला,
सावकाश वाचला, पुन्हा वाचला,
तिच्याकडे पाहिलं.

"कुणाचा?" तिनं विचारलं.
"बॅटरीचा," तो म्हणाला
आणि थर्मासचं झाकण फिरवू लागला.

आत मी अजून
दार धरूनच होते.