एकेकट्या हातमोज्यांची नोंद

कुरेसारेच्या बसस्थानकात
हरवलेल्या वस्तूंची खिडकी माझी.
एकोणीस वर्षं.
छत्र्या, चष्मे, एकदा दातांची कवळी,
आणि हातमोजे. नेहमी एकच. जोडी कधीच नाही.

मोजा फळीवर ठेवला की
त्याची बोटं ज्या दिशेला वळतील
तिकडे त्या दिवशी जायचं नाही, असा नियम होता.
मी केलेला नव्हे. तो होता,
तुमच्या घरात भिंतीतून वीज असते तसा.

ओरिसारेची बस चार मिनिटं उशिरा,
असं फलकावर आलं की मला कळायचं
कुणाला उद्देशून आहे ते.
फलाट चार. आईचं घर चौथ्या मजल्यावर.
आई गेली ती एप्रिलात.
एवढं कुणी जुळवून आणेल
आणि ते माझ्यासाठी नसेल?

ओळख वाढली की भीती कमी होते म्हणतात.
माझी ओळखीबरोबर फुगायची,
झाकून ठेवलेल्या पिठासारखी.
तिकिटांच्या खिडकीतल्या वीवेला
मी अकरा वर्षं फक्त "हो" म्हणत आलो.

डॉक्टर तामसालू गुरुवारी यायच्या,
मुख्य भूमीवरून, फेरीबोटीने.
पहिल्याच दिवशी त्यांनी दोन्ही खुर्च्या
खिडकीकडे वळवल्या.
त्यांच्याकडे बघावं लागलं नाही.
आम्ही दोघं एका कचराकुंडीकडे बघत बोललो.

आवाज? नाहीत.
दाराबाहेर कुणीतरी उभं असतं एवढंच.
कुणी नसतं, हे मला माहीत असतं.
माहीत असणं आणि तरी उभं असणं,
ह्यांच्या मधल्या बोळात मी राहतो.
पत्र तिथेच टाका.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं,
मालगाडीसारखं लांबलचक, स्किझोटायपल वगैरे.
स्किझोफ्रेनियाच्या नात्यातलं, पण सख्खं नाही,
चुलत म्हणा, म्हणाल्या.
हा तुमचा ताप नाही, हेल्डुर. ही तुमची उंची आहे.
मग गोळी कशाला?
उंची कापायला नाही. चौकट जरा वर सरकवायला.
हे वाक्य मला आवडलं नाही, फार घासलेलं वाटलं.
त्यानंतर त्यांनी जोरात नाक शिंकरलं, ते आवडलं.

अर्धी गोळी, रात्री.
दाराबाहेरचा माणूस हल्ली बसून घेतो.
जीभ कोरडी पडते.
बसेस मात्र अजून तितक्याशा निर्दोष नाहीत.

किती टक्के खात्री? त्या विचारायच्या.
पंच्याण्णव.
उरलेल्या पाचात काय?
पाचात, मी म्हणालो, ड्रायव्हर
लघवीला थांबला असेल.
त्या हसल्या. मग मीही.
घरी येऊन वही चाळली,
कुणाबरोबर हसल्याची आधीची नोंद सापडली नाही.

शेजारच्या कुत्र्याचं मी एकदा वाईट चिंतलं
आणि तो मेला.
बारा वर्षं ती गल्ली टाळली.
वय किती होतं त्याचं?
सतरा.
त्या काही बोलल्या नाहीत,
कचराकुंडीवर एक समुद्रपक्षी बसून गेला.
रविवारी त्या गल्लीतून आलो.
फाटकाला नवा रंग दिलाय. विचित्र हिरवा.

गृहपाठ एकच: प्रत्येकाशी एक वाक्य जास्त.
वीवेला म्हणालो, तुमच्या पावाला शहाजिऱ्याचा वास येतो.
ती दचकली. दुसऱ्या दिवशी
कागदात गुंडाळलेला तुकडा माझ्या टेबलावर.
मी तो मागच्या खोलीत जाऊन खाल्ला.
तेवढंच जमलं.

फेब्रुवारीत एक म्हातारी आली,
राखाडी मोजा, लाल धाग्याने शिवलेला.
दिला, आणि जास्तीचं वाक्य म्हणालो:
बाहेर निसरडं आहे.
ठाऊक आहे, ती म्हणाली, तिथेच पडले तेव्हा हा हरवला.

त्या मोज्याची बोटं सकाळपासून बंदराकडे होती.
खात्री: चाळीस टक्के.
सुटल्यावर बंदराकडे गेलो.
पाणी गोठलेलं, होड्या पालथ्या.
मी उभा राहिलो, पाय बधिर होईपर्यंत.
काही झालं नाही.
ते वहीत लिहिलं, तारीख घालून:
काही झालं नाही.

वेळ लिहिली नाही.
चार वाजले होते.