स्वागत समिती

सकाळी साडेसहाला परभणी स्टेशनवर
मी पुठ्ठा धरून उभी.
त्यावर स्केचपेननं: कृषी महाविद्यालय, प्रथम वर्ष.
एका ओळीत मावलं नाही,
शेवटचा 'य' खाली उतरलाय
चुकीच्या स्टेशनवर उतरल्यासारखा.

सर म्हणाले होते, हसतमुख राहा.
बिल्ला दिला, पिन दिली नाही.

पहिला आला तो बापासकट.
ट्रंकेवर लाल रंगात नाव, गाव, तालुका, जिल्हा,
म्हणजे पोरगं हरवलं तर
ट्रंक त्याला घरी नेऊन सोडील.
मी म्हटलं, काका, आठ दिवस परिचय सप्ताह आहे.
काका खूश झाले.
'बरंय की. कीर्तन कुणाचं हाय?'

उदगीरची निखत मामूसोबत.
मामू मला विचारत राहिले:
रेक्टर कशा आहेत, गेट किती वाजता लागतं,
आजारी पडली तर फोन कोण करतं.
तोवर निखत माझ्या त्या एकट्या 'य'कडं बघून
ओढणीत हसत होती.

शेवटी किनवटकडची ललिता आडे.
सोबत कुणी नाही.
एक बादली, बादलीत सगळं.
'यायला त्रास झाला का गं?'
मान हलली.
हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाच माहीत.

खोल्या वाटल्यावर मी माझा नकाशा वाटला,
हातानं काढलेला, झेरॉक्स.
इथं नळ. पाच-दहाला येतो, चाळीस मिनिटं टिकतो,
पाणी मचूळ, केसांची दोरी होते.
इथं बाभळ. बाभळीखाली रेंज, तीही चौथऱ्यावर चढलात तर.
इथं कचरूभाऊ झेरॉक्सवाले, उधारी चालते,
वहीत मात्र बापाचा नंबर लिहून घेतात.
पाऊस झाल्यावर या वाटेनं जाऊ नका,
काळी माती चप्पल ठेवून घेते.

एक जागा मी नकाशात काढत नाही.
जुन्या गोदामामागं, भिंतीच्या आतल्या अंगाला.
ती तोंडीच सांगते.
तिसऱ्या दिवशी लागते बहुतेकींना.

तिसऱ्या दिवशी सभागृहात माईक फिरला,
'आपलं ध्येय सांगा.'
कुणी कलेक्टर झालं, कुणी शास्त्रज्ञ,
ट्रंकवाला म्हणाला, 'बघू.'
ललितानं नाव सांगितलं आणि खाली बसली.
माईक तिच्या हातातच राहिला,
मागून घ्यावा लागला.

रात्री पाण्याची बाटली घेऊन मी गोदामामागं गेले,
दरवर्षी जाते.
निखत होती. अजून दोघी होत्या.
ललिता नव्हती. खोलीतही नव्हती.
मी रेक्टरना उठवणारच होते,
तर ती जिन्यात भेटली,
ओल्या पायांनी.
काही बोलली नाही. मीही विचारलं नाही,
विचारायला हवं होतं का, कोण जाणे.

पाचव्या दिवशी पहाटे बादली घेऊन रांगेत जायला निघाले,
तर दारात बादली भरलेली.
तिची.
'मागच्या नळाला साडेतीनलाच येतंय,' ती म्हणाली,
'गोडं हाय.'
पहिलं अख्खं वाक्य.

मागचा नळ कुठला?

'गोदामामागं. तुम्ही सांगितलं म्हणून गेले,
तर तिथं आधीच कुणीतरी रडत व्हतं.
मग बाजूला थांबले.
थांबले तर टपटप ऐकू आलं.
झुडपात हाय. गंजलाय, पण फिरतोय.'
जरा थांबून, अगदी सरळ,
'तुम्हाला ठावं नव्हतं व्हय?'

मी तिसऱ्या वर्षाला आहे.
दोन वर्षं त्या भिंतीला टेकून बसलेय,
कानात स्वतःचाच आवाज.

त्या दिवशी निखतनं केस धुतले,
माझेही धुवून दिले.
ललितानं माझ्या टेबलावरचा नकाशा ओढला,
गोदामाच्या मागं एक गोल काढला,
जोरात, कागद फाटेपर्यंत.

संध्याकाळी नव्या प्रती काढायला गेले.
कचरूभाऊनं कागद उजेडाला धरला,
चष्मा वर केला.
'हा गोल तुझ्या हातचा नाही.'
नाही, म्हटलं. वीस काढा.