कथं दुखस

आमच्या पुतळ्याचं नाव सुकलाल.
खोक्यातून निघाला तेव्हाच त्याला पाय नव्हते.
हिना पिंजारी म्हणाली, "बरंय, पळून तरी जाणार नाही,"
आणि तिच्या गल्लीतल्या चक्कीवाल्याचं नाव त्याला ठेवलं.

दिवसातून चाळीसदा मरतो सुकलाल.
तीस दाब, दोन श्वास.
छाती दोन इंच खाली, मग पुरती वर येऊ द्यायची.
बरोबर जमलं की आतून कट्ट वाजतं.
धुळ्याच्या त्या पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत
मे महिन्यात हातमोज्यांत घाम साचतो,
काढताना फरशीवर सांडतो.

तिसऱ्या सत्रात सगळं इंग्रजी.
वेदना कशी आहे ते रुग्णाला विचारा:
टोचणारी, आवळणारी, पसरणारी.
मी समासात आईचे शब्द लिहिले,
ठणकस, चमकस, जयजय व्हस, कय उठस.
सरांनी वही बघितली. "हे पेपरात लिहू नकोस."
त्याच रात्री दिलवर पावराने
त्याच्या बोलीतले शब्द शेजारी उतरवून दिले.
समास भरला, धडा अर्धाच झाला होता.

बाप अमळनेरला जिनिंगमध्ये गाठी मोजतो.
त्याला वाटतं, पोरगी डॉक्टर होणार.
दोनदा सांगितलं, नाही आबा,
डॉक्टरपर्यंत माणूस जिवंत पोचवणारी होणार.
"म्हणजे ड्रायव्हर?"
तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

ड्रायव्हर भिकनदादा आहेत.
शिरपूरच्या गाडीवर माझी महिनाभर ड्यूटी.
कुठल्या खड्ड्यावर सलाईनची बाटली हुकातून निघते
ते त्यांना पाठ.
"धरा, मॅडम," म्हणतात,
मग खड्डा येतो.

एकोणिसावा दिवस. कॉल दोन पस्तीस, पोचलो दोन बावन्न.
थाळनेरच्या पुढे, केळीचा ट्रक भरताना पडलेला माणूस.
चौघे जण केळीच्या पानांनी वारा घालत होते.
अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही.
ठिबकच्या नळीतलं पाणीही तापलेलं.
भिकनदादा फाट्यावर धावले
आणि मासेवालीच्या पेटीतला बर्फ घेऊन आले.
काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावला.
गाडीभर तापीच्या मासळीचा वास.

"कथं दुखस, बाबा?"
त्याने डोळे उघडले.
"कोठेच नही, माय."

हा शब्द माझ्या समासात नव्हता.

महामार्गाला लागेपर्यंत नाडी बोटाखाली होती,
मग नुसतं माझं बोट होतं.
तीस, दोन. तीस, दोन.
सतराव्या दाबाला आतून कट्ट वाजलं.
क्षणभर वाटलं, बरोबर जमलं.
मग कळलं, बरगडी.
पुस्तकात आहे ते वाक्य, थांबू नये.
थांबले नाही.
भिकनदादा आरशात बघत होते की नाही माहीत नाही,
त्या दिवशी एकदाही "धरा" म्हणाले नाहीत,
एकही खड्डा आला नाही.

दरवाजा. ट्रॉली. सही.
आमच्या तक्त्यात "सुपूर्द केले" हा शेवटचा रकाना.
त्यापुढे रेघ आहे, जागा नाही.
गाडी धुताना बाकाखाली एक चप्पल सापडली,
डाव्या पायाची, अंगठ्याला तार बांधलेली.

प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक नाशिकहून आलेले.
गुडघ्यावर बसले, सुकलालचे खांदे थोपटले
आणि तोंडातून निघून गेलं,
"काय व्हयनं, बाबा? कथं दुखस?"
हिना हसली. मग हसायची थांबली.
परीक्षकांनी एक गुण कापला,
प्रतिसाद तपासताना प्रमाण वाक्य वापरावे.
बाकी सगळं चोख. कट्ट, कट्ट, कट्ट.

रात्री वसतिगृहाच्या जिन्यातून भिकनदादांना फोन लावला.
कसं विचारावं ते सुचेना,
म्हणून विचारलं, चप्पल अजून आहे का गाडीत?
"आहे ना," ते म्हणाले. "धुतली.
तार सैल झालती, तीबी आवळली."