थकलेला हप्ता

वहीत तीन हिरव्या खुणा, पुढं कोरे चौकोन.
दादासो चौगले. वय एकोणचाळीस.
शेवटची बाटली आषाढात नेलेली;
आता दसरा चौकात आपट्याची पानंही वाळली.

फोन लागेना. सीपीआरच्या गेटावर रिक्षा पकडली,
शिरोलीत फाउंड्रीच्या दारात उतरले.
वॉचमन म्हणाला, कोण तुम्ही?
भिशीवाली, म्हटलं. चौगल्यांचा हप्ता थकलाय.

तो आला. भुवयांत काळी वाळू,
कमरेचा पट्टा दोन भोकं आत.
"बाई, हितं कशाला आलासा?"
"मग कुठं येऊ? घरी?"
रात्रपाळी लागलीय, म्हणाला,
नऊला सगळे मिळून डबे उघडतात.
एवढीशी गोळी, आणि आठ जणांचे डोळे.

पूर्वी माझ्याकडं दुसरी वही होती.
तिच्यात फक्त लाल पेन चालायचा,
नावावर आडवी रेघ.
तेव्हा माझ्या हातात द्यायला पाण्याशिवाय काही नसायचं.
हे त्याला सांगितलं नाही.

सांगितलं ते एवढंच :
वेळ बदलू. सकाळी, पाळी सुटल्यावर, चहासोबत.
आणि वनिता येऊन रक्त देऊन गेली.
निगेटिव्ह. तुम्हीच सांगा त्यांना, म्हणाली.

लेबल खरवडलेली बाटली
त्यानं टॉवेलात गुंडाळली, हळू,
तान्ह्याला गुंडाळावं तशी.

"किती थकले रं?" वॉचमननं विचारलं.
"दोन महिने. फेडतो."
"बाई, आमालाबी घ्या की भिशीत."
गुरुवारी गेटावर रक्ततपासणीची गाडी येतेय,
सगळ्यांसाठी.
आधी तिच्यात बसा, म्हटलं.