दहा पौंडी दोरा

वामी बादलीत. खाली बर्फ, वर ओलं गोणपाट.
गारठल्या की नरम येतात, इदालिना सांगते,
नाहीतर हातभर वाम मनगटाला वेढे घालते
आणि रात्र जाते गाठी सोडवण्यात.

वेस्टपोर्ट नदीचं मुख. साडेअकरा वाजून गेलेत.
भांगाची सुकती, पाण्याला घाई नाही.
मी फक्त गाडी चालवायला आलोय, शेजारी म्हणून.
तिचा उजवा हात कापतो;
मार्चमध्ये डॉक्टरांनी गाडी बंद करायला लावली.
गरवणं बंद कर, असं मात्र कुणी म्हणालं नाही.
म्हणेल कोण?

नवरा, आर्मांदु, बारा फुटी काठी वापरायचा,
चाळीस पौंडी दोरा, पट्टेरी बास म्हणजे त्याला
किनाऱ्यावर ओढून आणायचं एक पोतं.
ती काठी आता परसात आडवी बांधलीय,
तिच्यावर घेवड्याचा वेल.
हिची सात फुटी, शेंड्याला गवताची काडीच.
"एकतीस वर्षं पडद्यांच्या गिरणीत सूत हाताळलं, वेन्डेल.
जाड दोरा बहिरा असतो."

टॉवेलच्या तुकड्यात ती वाम धरते.
गरी खालच्या ओठातून आत,
डोळ्याच्या खोबणीतून बाहेर.
मी नदीकडे बघतो.
"इकडे बघ," ती म्हणते,
"जीव घेऊन आलोय, बघावं तरी."

फेक. छपाक् सुद्धा नाही, नुसतं पाणी मिटतं.
वामीला निजू द्यायचं नाही. तळाला टेकली
की दगडांच्या फटीत शिरते आणि दोऱ्याचा गुंता करते.
म्हणून रीळ फिरवायचं, पण जेमतेम,
जसं आजाऱ्याला हाताला धरून चालवावं.

काठीचा शेंडा थरथरतो. हात थरथरतो.
कळतं कसं, मी विचारतो,
यातलं तुमचं कुठलं आणि वामीचं कुठलं?
"माझं ठेक्यात असतं. मोजलंय मी, सेकंदाला पाच.
वाम बेताल.
आणि बेताल असलेली अचानक पिसाळली,
तर समजायचं, तिला खाली कुणीतरी दिसलं."

मग बराच वेळ काही नाही.
पलीकडच्या धक्क्यावर कुणाचा तरी रेडिओ.
डास.

"गप्प," ती म्हणते, मी गप्पच असतो.
तिने रिळाची तार उघडलीय,
दोरा बोटावरून जातोय, बिनआवाज, बिनअडथळा.
उं. दोइश. त्रेश.
आईच्या भाषेत मोजते ती, सावकाश, ओठातल्या ओठात.
क्वात्रु. सिंकु.
झटका मारायचा नाही. गरी वाटोळी आहे,
टोक आत वळलेलं,
मासा पाठ फिरवून निघाला की
ओठाच्या कोपऱ्यात आपली आपण बसते.
तार बंद. काठी वाकते,
वाकते,
आणि रीळ असं ओरडतं की माझ्या दाढा शिवशिवतात.

दोनदा तिने त्याला खडकांपासून वळवलं,
काठी आडवी घालून, न ओढता,
जणू दारात उभं राहून वाट अडवावी.
पाण्यावर एकदा शेपूट दिसलं, फावड्याएवढं.
मग, "धर," ती म्हणाली, "बोटं गेली माझी."

धरली.
ते वजन जिवंत होतं आणि माझ्याकडे येत नव्हतं.
तिने रिळाचा ब्रेक बसवला होता
स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून, तीन पौंड, वर नाही.
मला ते माहीत होतं.
तरी माझा अंगठा गेला, चकती फिरली,
एक पाव. फक्त एक पाव.

काठी सरळ झाली.
इतकी सरळ वस्तू मी कधी पाहिली नव्हती.

खडकाला घासला असेल, मी म्हणालो.
तिने दोऱ्याचं टोक चिमटीत घेतलं, अंधारातच चाचपलं.
"घासलेला खरखरीत लागतो.
हा कुरळा झालाय. तू आवळलंस."
राग नव्हता; गिरणीत चूक शोधताना
असाच आवाज असेल तिचा.

मग नवी गरी, दातांनी ओढून गाठ.
"किती उरल्यात?"
मी गोणपाट उचललं.
दोन, म्हणालो. एक जरा सुस्त वाटते.
"ती तुझी," इदालिना म्हणाली.